दोअमली वऱ्हाड : एका रूढ मताचें परीक्षण

शेजारच्या दोन राज्यांनीं एकमेकांशीं असलेलें वैर न सोडतां एकाच मुलखाचा वसूल सुमारें ८० वर्षें वाटून घ्यावा, ही गोष्ट इतिहासांत वारंवार आढळत नाहीं. वऱ्हाडांत ती घडली. हैदराबादचा निजाम आणि नागपूरकर भोसले या दोघांचा अंमल तेथें एकाच गांवावर, एकाच पाटलाच्या हातून, एकाच पिकावर चालत असे. या व्यवस्थेस दोअमली म्हणतात. तिच्याविषयीं जें मत आज रूढ आहे तें आम्हांस एकांगी वाटतें. आणि तें तसें राहण्याचें एक कारण आपल्या संग्राहकांच्या कपाटांतच आहे अशी आमची समजूत होत चालली आहे. म्हणून हा विचार वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें. कळंबच्या बाजूस राहून आम्हांस हा विषय सुचला, तेव्हां विवेचनास कळंबचाच आधार घेतला आहे.

रूढ मत थोडक्यांत असें : मराठ्यांनीं वऱ्हाडभर आपले अंमलदार व फौज बसविली, निम्म्याहून अधिक वसूल उचलला, वसूल करण्याच्या हक्कासाठीं आपसांत लढाया केल्या; निजामानें आपलें स्वामित्व कधीं सोडलें नाहीं व मराठ्यांनींही तें कधीं नाकारलें नाहीं; आणि या दोन धन्यांच्या ओढाताणींत प्रांत उजाड झाला. हें मत मुख्यतः आल्फ्रेड लायल याच्या गॅझेटियरांतून आलेलें आहे. लायल हा पश्चिम वऱ्हाडचा कमिशनर होता व त्याचा ग्रंथ १८७० सालीं छापला गेला. पुढें इंपीरियल गॅझेटियरांत तेंच चित्र आलें, आणि तेथून शाळेच्या पुस्तकांपर्यंत पोंचलें. ग्रंथ सामान्य नव्हे. वऱ्हाडांतील लोकांच्या देवधर्मावर लायलनें पुढें जें लिहिलें त्यावरूनही हा गृहस्थ डोळे उघडे ठेवून प्रांतांत फिरत होता हें उघड दिसतें. त्याच्या माहितीबद्दल आमची तक्रार नाहीं. तिची जुळणी त्यानें ज्या हेतूनें केली त्याबद्दल आहे.

ग्रंथ कोणत्या वेळीं लिहिला गेला तें पाहावें. १८५३ सालीं डलहौसीनें हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटीं वऱ्हाड निजामाकडून आपल्या ताब्यांत घेतलें. १८६० सालीं या व्यवस्थेचा पुन्हा तह झाला. प्रांत तारण होता, दिलेला नव्हता. आणि निजामाचा दिवाण सालारजंग तो परत मागण्याची खटपट सोडीत नव्हता. अशा वेळीं इंग्रजी अंमलापूर्वीं येथें बेबंदशाही होती हें सिद्ध करणें सरकारी लेखकास सोयीचें होतें. लायलनें खोटें लिहिलें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्या घराचा ताबा आपल्याकडे राहावा अशी इच्छा आहे, त्या घराच्या मागील भाडेकरूंचें वर्णन कसें होईल हें सांगावयास नको. मौज अशी कीं, १९०२ सालीं सरकारनें वऱ्हाड सालिना २५ लाख रुपये देण्याच्या बोलीनें कायमच्या पट्ट्यानें घेतलें, १९०३ सालीं तें मध्यप्रांतास जोडलें, आणि तरीही स्वामित्व निजामाचेंच मानलें. १९३६ च्या करारानंतर निजामाच्या वडील मुलास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताबही मिळाला. नांव एकाचें, वसूल दुसऱ्याचा आणि रोख रकमेची वाटणी ठरलेली. ज्या दोअमलीस इंग्रजी ग्रंथांनीं नांवें ठेवलीं तिचीच ही सुधारून काढलेली प्रत नव्हे काय?

मराठी बाजूस या. मा. काळे यांचा ‘वऱ्हाडचा इतिहास’ १९२४ सालीं व ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ १९३४ सालीं निघाला. या दोन ग्रंथांवांचून या विषयांत कोणाचें पाऊल पुढें पडत नाहीं, आमचेंही पडलें नाहीं. परंतु एकंदर अभ्यासाची रीत पाहिली तर भोसल्यांचा इतिहास लिहिणारा भोसल्यांच्या कागदांत पाहतो, निजामाचा लिहिणारा फारशी दप्तरांत पाहतो, आणि दोघांच्या मधोमध जो सामाईक हिशेब होता तो कोणाच्याच वांट्यास येत नाहीं.

आतां कळंबकडे येऊं. आज हा यवतमाळ जिल्ह्यांतील एक तालुक्याचा गांव आहे. यवतमाळहून नागपुरास जाणारा मनुष्य येथें क्षणभर थांबतो तो चिंतामणीच्या दर्शनासाठीं. देऊळ जमिनीच्या पातळीच्या खालीं असून पायऱ्या उतरून जावें लागतें. समोर कुंड आहे, आणि त्याचें पाणी कांहीं वर्षांच्या अंतरानें चढून मूर्तीच्या चरणांस लागतें ही गोष्ट दूरवर प्रसिद्ध आहे. परंतु अकबराच्या वेळीं हें नुसतें तीर्थ नव्हतें. वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत ‘कळंब’ हें एक सरकार असून त्याखालीं ३१ महाल असल्याचें ‘आइने अकबरी’वरून दिसतें. अबुल फज्ल त्यास जुनें व महत्त्वाचें शहर म्हणतो आणि तेथील म्हशींची वाखाणणी करतो. त्यापुढें तो जें सांगतो तें आमच्या कामाचें आहे. कळंबच्या शेजारीं चांद्याचा गोंड जमीनदार बाबजी असून त्याच्याजवळ १,००० स्वार व ४०,००० पायदळ आहे, आणि हिऱ्यांची खाण असलेलें वैरागड त्याच्या ताब्यांत आहे. म्हणजे मोगली सुभ्याचें हें टोंक तेव्हांच शेजाऱ्याच्या सत्तेस भिडलेलें होतें. दोन सत्तांच्या सांध्यावर राहण्याचा अभ्यास या मुलखास मराठ्यांच्या पूर्वींपासून होता.

(येथें एक सूचना करणें जरूर आहे. धाराशिव जिल्ह्यांत, म्हणजे पूर्वींच्या उस्मानाबादेंत, दुसरें एक कळंब आहे आणि तेंही निजामाच्याच मुलखांत होतें. कागदांत नुसतें ‘कळंब’ आलें म्हणजे शेजारच्या गांवांचीं नांवें पाहिल्याशिवाय तें कोणतें हें ठरवूं नये. आमच्या पाहण्यांत आलेल्या एकदोन याद्यांत हा घोटाळा झालेला आहे.)

दोअमलीचें मूळ दोन घटनांत आहे. १७१९ सालीं दक्षिणच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या व सरदेशमुखीच्या सनदा शाहूस मिळाल्या. त्या सहांत वऱ्हाड होतें. १७२४ सालीं साखरखेर्ड्याच्या लढाईंत निजामउल्मुल्कानें मुबारिजखानास मारून दक्षिणेंत आपली सत्ता स्थापिली, आणि वऱ्हाड नांवानें त्याचें झालें. परसोजी भोसल्यास सेनासाहेबसुभा हें पद शाहूकडून पूर्वींच मिळालें होतें. त्याचा मुलगा कान्होजी याचें राहण्याचें ठिकाण यवतमाळ जिल्ह्यांतील भाम हें होतें, म्हणजे भोसल्यांच्या वऱ्हाडी अंमलाचा आरंभ कळंबच्याच टापूंत झाला. पुढें शाहूच्या आज्ञेनें रघूजीनें कान्होजीस धरलें व तें पद आपल्याकडे घेतलें. आणि देवगडचें व चांद्याचें गोंड राज्य त्याच्या हातीं आल्यावर वर्धेच्या पूर्वेस भोसला एकटा धनी झाला. पश्चिमेस मात्र निजामाशीं वाटणी राहिली. चौथ शेकडा २५ व सरदेशमुखी शेकडा १० मिळून ३५ होतात. त्यावर घासदाणा वगैरे बाबी चढत जाऊन भोसल्यांचा हिस्सा निम्म्यापुढें गेला.

या आंकड्यांस नुसती लुटीची रक्कम म्हणून सोडून देणें योग्य नाहीं. मराठी हिशेबनिसांनीं चौथाईचीही जी फोड केली होती ती ध्यानांत घ्यावी : शेंकड्यास २५ राजबाबती, ६ साहोत्रा, ३ नाडगौडा, आणि उरलेले ६६ मोकासा. एका रुपयाचे इतके बारीक भाग पाडून ते निरनिराळ्या धन्यांस पोंचविण्याची ज्यांस संवय झाली होती, त्यांस आणखी एक वांटेकरी हैदराबादेचा आहे म्हणून गोंधळून जाण्याचें कारण नव्हतें. दोअमली ही कांहीं आकाशांतून पडलेली आपत्ति नव्हती. मराठी वसुलाच्या नित्याच्या पद्धतींतच ती बसत होती.

व्यवहार चालला तो देशमुख-देशपांड्यांवर आणि गांवच्या पाटील-पटवाऱ्यांवर. ठाण्यांत निजामाचा आमील असे, भोसल्यांचा कमाविसदार असे. दोघेही बदलत, दोघेही परके. देशपांडे मात्र तेथलाच. त्याचें वतन दोघांपैकीं कोणाच्याच मेहेरबानीनें सुरू झालेलें नव्हतें, आणि तें मोडून कोणाचेंच भागण्यासारखें नव्हतें, कारण गांव किती, पेरा किती, गुदस्तां किती आलें हें त्याच्याच दप्तरांत होतें. तो हिशेब मोडी लिपींत असे. वर हैदराबादेस तो फारशी होऊन जाई, नागपुरास मोडींतच जाई. दोन राज्यांचा सांधा म्हणून जर कोणती वस्तु दाखवावयाची असेल, तर हें एक दप्तर दाखवावें लागेल.

आतां याच्या शेजारीं त्या काळचीं मोठीं राजकारणें ठेवून पाहूं. साडेतीन शहाण्यांची गणना सर्वांस ठाऊक आहे. त्यांतील देवाजीपंत चोरघडे हा भोसल्यांचा, आणि विठ्ठल सुंदर हा निजामाचा दिवाण. म्हणजे साडेतिनांपैकीं दोन शहाणे वऱ्हाडच्या दोन वांटेकऱ्यांचे होते. दोघे मराठी बोलणारे, दोघे मोडी लिहिणारे. १७६३ सालीं या दोघांनीं आपल्या धन्यांची युति घडविली, पेशव्याविरुद्ध फौजा चालविल्या आणि पुणें जाळलें. त्याच सालीं १० ऑगस्ट रोजीं राक्षसभुवनास जानोजी भोसल्यानें निजामअल्लीस ऐन लढाईच्या तोंडीं सोडलें, आणि विठ्ठल सुंदर तेथेंच पडला. एका शहाण्यानें दुसऱ्याचा असा बळी घेतला. या कामगिरीबद्दल जानोजीस ३२ लाखांचा मुलूख मिळाला. परंतु तीनच वर्षांनीं, १७६६ सालीं, माधवराव पेशवा व निजामअल्ली यांनीं मिळून त्याच्यावर स्वारी केली, आणि त्यांतील तीन चतुर्थांश मुलूख त्यास परत द्यावा लागला. तीन वर्षांत मित्राचा शत्रु, शत्रूचा मित्र आणि पुन्हां उलट झालें. वऱ्हाडांतील वाटणी मात्र मोडली नाहीं.

१७८० चा प्रसंग याहून बोलका आहे. इंग्रजांस घालवून देण्यासाठीं नाना फडणीस, हैदरअल्ली, निजामअल्ली आणि मुधोजी भोसले या चौघांनीं एकजूट केली. हैदरानें कर्नाटकावर, मराठ्यांनीं मुंबईकडे, निजामानें उत्तर सरकारांवर आणि भोसल्यानें बंगाल्यावर चालून जावें असा बेत होता. हिंदुस्थानांतील शेजारी राज्यांनीं मिळून परकीयांविरुद्ध रचलेला इतका व्यापक बेत दुसरा नाहीं. आणि त्यांतून ढिले पडले कोण, तर नेमके वऱ्हाडचे दोघे वांटेकरी. निजामास हेस्टिंग्जनें गुंटूर परत देऊन थंड केलें. मुधोजीचा मुलगा चिमणाजी फौज घेऊन कटकापर्यंत गेला, पण तेथें रेंगाळला; हेस्टिंग्जकडून पैसा घेऊन हा प्रश्नही मिटविण्यांत आला. हैदर एकटा लढत राहिला, आणि १७८२ सालीं सालबाईचा तह झाला. पुढें १७९५ सालीं खर्ड्यावर भोसल्यांची फौज निजामाविरुद्ध उभी होती. त्या लढाईनंतरच्या बोलण्यांतही भोसल्यांच्या वऱ्हाडांतील हक्कांचा व बाकीचा प्रश्न निघाला. निजामास वऱ्हाडांतून काढून टाकावें असें मात्र ठरलें नाहीं. जिंकलेल्यानें बाकी मागितली आणि खातें चालूं ठेवलें.

तेव्हां आमचें म्हणणें असें आहे. शेजारी राज्यांचें सहकार्य शोधावयाचें तर आपण तहनामे, भेटी आणि आणाशपथा चाळतों, आणि तेथें आपणांस विश्वासघात आढळतो. वऱ्हाडांत सहकार्य होतें, पण तें सामाईक जमाखर्चाच्या रूपानें होतें, आणि त्यास मैत्रीची जरूर पडली नाहीं. लायलनें दोघांतील भांडणें पाहिलीं व तीं खरींच होतीं. परंतु भांडत असतांही जी वाटणी चालूं राहिली, ती कोणत्या यंत्रावर चालली हा प्रश्न त्यानें विचारला नाहीं.

हें वाचून कोणी दोअमलीचे पोवाडे गाऊं लागेल, म्हणून दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणें सांगतों. दोन राज्यांनीं वाटून कसें घ्यावयाचें तें ठरविलें होतें. एकंदर किती घ्यावयाचें तें ठरविलें नव्हतें. आपला शेंकडा तोच ठेवून जमा वाढविण्यांत दोघांचाही फायदा होता, आणि रयतेस सूट देण्यांत मात्र ज्यानें दिली त्याचेंच नुकसान, कारण सोडलेला रुपया दुसरा उचलील ही भीति. गांव उजाड पडला तर त्याची लागवड करून देण्याचा खर्च कोणी सोसावा हाही प्रश्न तसाच. रयतेचें या व्यवस्थेंत कोणी नव्हतें. तिच्या वतीनें बोलणारा म्हणावा तर तो देशपांडे, आणि त्याचें हित स्वतःच्या हक्कांत गुंतलेलें. ज्यास या सहकार्याचें फळ चाखावें लागलें त्यास त्यांत शब्द नव्हता, हा तिचा खरा दोष. आणि हा दोष केवळ दोन धनी होते म्हणून उत्पन्न झाला, हें मात्र आम्ही मान्य करीत नाहीं.

याला पुरावा खुद्द गॅझेटियरांतच आहे. १८०३ च्या नोव्हेंबरांत अडगांवास भोसल्यांचा पराभव झाला, १५ डिसेंबरास गाविलगड पडला, आणि १७ डिसेंबरास देवगांवचा तह होऊन वर्धेच्या पश्चिमेकडील मुलूख भोसल्यांनीं सोडला. नरनाळा व गाविलगड हे किल्ले मात्र त्यांजकडे राहिले. वर्धा नदी ही सीमा झाली. कळंब निजामाकडे गेलें; नदीपलीकडचीं गांवें नागपूरकरांचीं राहिलीं. म्हणजे दोन धन्यांची पीडा टळली व एकच धनी उरला. मग प्रांत सुधारला काय? एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या पादांत वऱ्हाडचा वसूल हैदराबादच्या पुरणमल सावकारास, व तो गेल्यावर पेस्तनजीच्या पेढीस मक्त्यानें लावून दिलेला होता, आणि मक्तेदारांनीं प्रांत पिळून काढला अशीच हकीकत आपण वाचतों. एका धन्याखालीं हें झालें. तेव्हां उजाडीचें खापर दोअमलीच्या माथीं फोडतांना लेखकानें स्वतःच दिलेली पुढील हकीकत विसरूं नये.

इतर देशांत असे दाखले मुळींच नाहींत असें नाहीं. पिरेनीज पर्वतांतील अंडोरा या लहानशा मुलखावर १२७८ च्या करारानें उर्हेलचा बिशप आणि फ्वाचा काउंट या दोघांचा सामाईक अंमल ठरला, आणि खंडणी एक वर्ष एकानें व एक वर्ष दुसऱ्यानें घ्यावी असें ठरलें. त्या सामाईक अंमलाची परंपरा आजतागायत चालूं आहे. आपल्या स्वतःच्या काळांतील उदाहरण अधिक जवळचें आहे. १९६० सालीं कराचीस सह्या झालेल्या सिंधु-जलकरारानें भारत व पाकिस्तान यांनीं सहा नद्यांचें पाणी वाटून घेतलें आणि दोन्ही बाजूंचा एकेक आयुक्त नेमला. १९६५ व १९७१ च्या युद्धांतही तो करार मोडला नाहीं. उलट १९८५ सालीं ढाक्यास मोठ्या समारंभानें स्थापन झालेल्या सार्क संघटनेची शिखर परिषद २०१४ च्या काठमांडूच्या बैठकीनंतर भरलेली नाहीं. एक १७८० च्या चौकडीसारखी, दुसरा वऱ्हाडच्या खात्यासारखा, असें म्हणण्याचा मोह होतो. परंतु २०२५ च्या एप्रिलांत पहलगामच्या हत्याकांडानंतर भारतानें तो जलकरारही स्थगित केला, तेव्हां खातें असें कीं जें कधीं बंदच पडत नाहीं, हा सिद्धांत आम्ही मांडीत नाहीं. वऱ्हाडचें खातेंही शेवटीं बंद झालें. फरक इतकाच कीं तें दोघां वांटेकऱ्यांपैकीं कोणीं बंद केलें नाहीं, तिसऱ्यानें नदीवर रेघ ओढून बंद केलें.

आतां ज्यासाठीं हा लेख लिहावयास घेतला त्या मुद्द्याकडे येतों. दोअमलीचा इतिहास लिहिला गेला नाहीं याचें कारण साधनें नाहींत असें नसून तीं जशीं जन्मलीं तशीं आपण राहूं दिलीं नाहींत, हें आहे. जुन्या घरांतून रुमाल बाहेर पडला कीं संग्राहक प्रथम काय करतो? फारशी कागद एकीकडे, मोडी दुसरीकडे. फारशी जाणणारा फारशी घेऊन जातो. शिक्क्याचा हौशी शिक्का असलेला परवाना घेऊन जातो. उरलेल्या मोडी ताळेबंदांस कोणी विचारीत नाहीं, कारण त्यांत लढाई नाहीं आणि मोठें नांव नाहीं. देशपांड्यानें निजामाच्या आमिलाची ताकीद व भोसल्यांच्या कमाविसदाराची ताकीद एकाच धाग्यांत बांधून ठेवली होती, ती कांहीं अडाणीपणानें नव्हे. त्याच्या दृष्टीनें तें एकच प्रकरण होतें. आपण विद्वान लोक तो धागा सोडतों, आणि मग दोन निराळे इतिहास लिहितों.

या बाबतींत आमच्याच हातून झालेली एक चूक येथें कबूल करणें उचित होईल. वऱ्हाडांतील एक लहानसा रुमाल आमच्याकडे आला असतां आम्हीं शहाणपणानें त्यांतील फारशी कागद वेगळे काढून एका स्नेह्यांकडे पाठविले व मोडी कागदांची याद करावयास बसलों. एका झाड्यावर नुसता ‘सन ११९०’ होता. दुसऱ्यावर ‘इहिदे समानीन मया व अल्लफ’ अशीं अक्षरें. दुसरा सुहूर सन ११८१ हें कळलें, त्याचें इसवी १७८०-८१ झालें. पहिल्यासही सुहूर समजून आम्हीं १७८९-९० लिहिलें, आणि दोन्ही झाडे नऊ वर्षांच्या अंतरानें दोन ठिकाणीं लावले. गांवें तींच, क्रम तोच, हें दिसत असूनही आमच्या डोक्यांत प्रकाश पडला नाहीं. पुढें कांहीं महिन्यांनीं दुसऱ्या कामांत असतां एकदम लक्षांत आलें कीं, ११९० हा फसली असला पाहिजे. शाहजहानानें दक्षिणेंत सुरू केलेल्या फसलींत ५९० मिळविले कीं इसवी निघतो, सुहुरांत ५९९. ११९० फसली व ११८१ सुहूर हीं दोन्ही सालें १७८० च्या मृगाच्या सुमारासच लागतात. दोन्ही झाडे एकाच हंगामाचे होते. एक एका धन्यासाठीं, दुसरा दुसऱ्यासाठीं, एकाच दप्तरांतून काढलेला. दोअमली प्रत्यक्ष टेबलावर पडली होती आणि आम्हीं तिचे दोन तुकडे करून नऊ वर्षें लांब ठेविले होते. फारशी कागद मागाहून परत आले. परंतु कोणत्या कागदाखालीं कोणता होता हें सांगणारी मूळची गुंडाळी मोडलेली होती, ती कांहीं परत आली नाहीं.

ज्या सालीं चौकडीचे वकील कागदोपत्रीं इंग्रजांस हिंदुस्थानाबाहेर घालवीत होते, त्याच सालीं वऱ्हाडांतल्या एका कारकुनानें दोन राज्यांचे दोन झाडे बिनबोभाट लिहून दिले, एवढी गोष्ट त्या दोन सनांवरून निघते. त्यांतील जमेचे आंकडे एकमेकांशीं जुळतात कीं नाहीं, आणि न जुळल्यास कोणाच्या झाड्यांत गांवची जमा कमी दाखविली आहे, हें पाहण्यासारखें आहे. तशा जोड्या दहावीस मिळाल्या तर रयतेचा किंवा देशपांड्याचा हात त्यांत कोठें होता तेंही समजेल. एका जोडीवरून तें ठरविणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

तेव्हां कळंब, राळेगांव, यवतमाळ, वणी या बाजूचे रुमाल ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांस आमची विनंति आहे कीं, लिपीवरून निवडानिवड करण्यापूर्वीं प्रत्येक कागदावर मूळ क्रमाचा आंकडा पेन्सिलीनें घालावा; कोणत्या कागदास कोणता कागद शिवलेला किंवा गुंडाळलेला होता तें लिहून ठेवावें; नुसता आंकडा असलेला सन सुहूर कीं फसली हें न ठरवितां यादींत तो जसा आहे तसाच उतरावा; आणि कळंब आलें तर शेजारच्या दोन गांवांचीं नांवें त्याबरोबर द्यावीं. फारशी कागद विकले किंवा दिले गेले असल्यास ते कोणत्या रुमालांतून निघाले एवढें तरी घेणाऱ्यास कळवावें. एकाच हंगामाचे फसली व सुहूर असे दोन झाडे ज्यांस सांपडतील त्यांनीं त्यांच्या नकला या त्रैमासिकाकडे पाठविल्यास त्या समोरासमोर छापण्याची खटपट आम्ही करूं.